इन्व्होल्यूट आणि हेलिक्स: शीटवर वक्र येतो, पण बरोबर आला हे मुलांना कळत का नाही?

शीटमास्तर

डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला किंवा आयटीआयच्या ड्राफ्ट्समन ट्रेडला हे दोन वक्र शिकवणाऱ्यांसाठी हा धागा. पायऱ्या कुठल्याही पुस्तकात मिळतात. मुलं त्या पाळतातही. अडचण अशी की वक्र चुकला तरी त्यांना तो चुकल्याचं कळत नाही, कारण कुठे बघायचं हे कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून पायऱ्यांबरोबर तपासायच्या जागा इथे गोळा करू.

इन्व्होल्यूटपासून सुरू करतो, म्हणजे वर्तुळाभोवती गुंडाळलेला दोरा ताणून सोडताना त्याचं टोक काढतं तो वक्र. ४० मिमी व्यासाचं वर्तुळ, दोरा पूर्ण परिघाइतका.

परीघ १२५.७ मिमी. वर्तुळाच्या सगळ्यात खालच्या बिंदूतून उजवीकडे तेवढी आडवी स्पर्शिका काढायची. वर्तुळाचे १२ भाग आणि रेषेचेही १२ भाग. वर्तुळावरचे आकडे खालच्या बिंदूपासून घड्याळाच्या दिशेने टाकायचे. मग १ वर स्पर्शिका काढून तिच्यावर १०.५ मिमी, २ वर २०.९, ३ वर ३१.४, असं बारापर्यंत. रेषा उजवीकडे काढून आकडे उलट दिशेने टाकले की दोरा सुटण्याऐवजी स्वतःवरच दुमडतो. दर बॅचला चार-पाच शीटवर हे हमखास दिसतं.

तपासायच्या जागा चार, आणि चारही मिनी ड्राफ्टरने अर्ध्या मिनिटात बघता येतात:

– ३ नंबर (वर्तुळाचा डावा टोकाचा बिंदू): वक्राचा बिंदू त्याच्या सरळ खाली ३१.४ वर.
– ६ नंबर (वरचा): सरळ डावीकडे ६२.८ वर.
– ९ नंबर (उजवा): सरळ वर ९४.२ वर.
– १२: आडव्या रेषेच्या टोकाला, १२५.७ वर.

याच चार जागी वक्र अनुक्रमे आडवा, उभा, आडवा, उभा असतो, कारण तो दोऱ्याला कायम काटकोनात जातो. त्यामुळे आकृतीला किती जागा लागेल तेही आधीच कळतं: रुंदी परिघाच्या दीडपट, म्हणजे १८८.५ मिमी, आणि उंची बरोबर परिघाइतकी. वर्तुळ चौकटीच्या मधोमध काढून ठेवणाऱ्याचा वक्र मार्जिनबाहेर जातो तो यामुळेच. वर्तुळ डावीकडे आणि खाली सरकवून सुरू करायचं.

टूएच

१२ भाग करताना कंपास २० मिमीला उघडून सहा खुणा करायच्या, मग ३०-६० च्या सेट स्क्वेअरने मधल्या. इथपर्यंत ठीक. घोळ पुढे होतो. मुलं वर्तुळावरचं १ ते २ अंतर डिव्हायडरमध्ये घेतात आणि तेच रेषेवर बारा वेळा टाकतात. ती जीवा असते, कंस नसतो. जीवा १०.३५, कंस १०.४७. एका घरात दिसत नाही, पण बारा घरांत रेषा १२४.२ ला संपते, दीड मिमीचा फरक. रेषा आधी पूर्ण १२५.७ मोजून घ्यायची आणि तिरकी रेषा काढून समांतर रेषांनी तिचे १२ भाग करायचे. डिव्हायडर फक्त त्या भागांची लांबी उचलायला वापरायचा.

८ भाग केले तरी चालतील का, हे मुलं विचारतात. चालतात, पण कंस १५.७ मिमीचा होतो आणि सुरुवातीचा भाग फ्रेंच कर्व्हला नीट सापडत नाही. मी तर १२ भागांच्या वर सुरुवातीच्या घरात १५ अंशांचा एक जादा बिंदूही घ्यायला लावतो. तिथे स्पर्शिका ५.२ मिमी.

शीटमास्तर

त्या जादा बिंदूला +१. सुरुवातीच्या जागेवरच सगळ्यात जास्त चुका आहेत. मुलांना वाटतं वक्र वर्तुळाला घासत निघतो. तो वर्तुळातून त्रिज्येच्या दिशेने, काटकोनात निघतो. १५ अंशांवर तो वर्तुळाबाहेर जेमतेम ०.७ मिमी असतो, ३० अंशांवर २.६. आकडे इतके छोटे असल्यामुळे जाड पेन्सिलने काढलेला वक्र वर्तुळात मिसळून जातो. वर्तुळ टूएच पेन्सिलने, वक्र एच पेन्सिलने, आणि पहिला तुकडा शेवटी काढायचा.

फ्रेंच कर्व्हचं एकच सांगतो: एका वेळी चार बिंदू जुळवा, पण रेघ पहिल्या तीनमधूनच ओढा. पुढच्या वेळी मागचा एक बिंदू पुन्हा पकडा. प्रत्येक बिंदूवर कोपरा दिसला की समजायचं, तीन जुळवले आणि तीनही ओढले.

नवी_शिक्षिका

सर, एक शंका. दोरा परिघापेक्षा छोटा दिला असेल, समजा १०० मिमी, तर रेषेचे १२ भाग करायचे का?

टूएच

नाही, आणि हा प्रश्न मुद्दाम विचारतात तो हीच चूक पकडायला. १०० चे १२ भाग केले की प्रत्येक भाग ८.३३ चा होतो. वर्तुळावर मात्र कंस १०.४७ चाच आहे. म्हणजे एक घर सोडलं की १०.४७ मिमी दोरा सुटायला हवा आणि तुम्ही ८.३३ सोडता. वक्र दिसायला गोंडस येतो, पण तो इन्व्होल्यूट नाही.

रेषा १०० मिमीचीच ठेवा, पण तिच्यावर भाग १०.४७ चे टाका. नऊ भाग बसतात आणि ५.८ मिमी उरतात. आता दोरा पूर्ण सरळ आहे असं धरून, आकडे या वेळी घड्याळाच्या उलट टाकून, गुंडाळत चला: १ वर उरलेला दोरा ८९.५, २ वर ७९.१, आणि ९ वर ५.८. वक्र ९ च्या पुढे १६.५ अंशांवर वर्तुळाला येऊन मिळतो. तिथेही काटकोनातच.

परिघापेक्षा लांब दोरा असेल तर सोपं आहे. १५० मिमीला बारावा बिंदू १२५.७ वर आला की पुढे पुन्हा १ नंबरच्या स्पर्शिकेवर १२५.७ अधिक १०.५, दोनवर अधिक २०.९. तिसऱ्याच्या आधीच दोरा संपतो.

काटकोन

बहुभुजाकृतीच्या इन्व्होल्यूटचं एका ओळीत: २५ मिमी बाजूच्या चौरसाला २५, ५०, ७५, १०० त्रिज्येचे चार पाव कंस, केंद्र दर वेळी पुढचा कोपरा. पंचकोनाला प्रत्येक कंस ७२ अंशांचा, षट्कोनाला ६०. बाजू वाढवून काढलेल्या रेषेवर कंस थांबला पाहिजे, तिच्या पुढे गेला की पुढची त्रिज्या चुकते.

अर्धवर्तुळ आणि त्रिकोण जोडलेल्या आकृतीत मुलं अर्धवर्तुळाच्या भागालाही एकच कंस मारून मोकळी होतात. तिथे वर्तुळासारखे बिंदू काढावेच लागतात.

दातेरी

स्पर्शिका-अभिलंबाबद्दल कोणी बोललं नाही. वक्रावर म बिंदू दिला. म आणि केंद्र जोडायचं, त्या रेषेवर अर्धवर्तुळ काढायचं, ते मूळ वर्तुळाला जिथे छेदतं तो न. मन हा अभिलंब, त्याला म वर काटकोनात स्पर्शिका. सगळे एवढंच शिकवतात आणि अर्धी मुलं चुकीच्या बाजूला अर्धवर्तुळ काढतात, कारण दोन्ही बाजूंना एकेक छेदबिंदू मिळतो.

बरोबर बाजू कशी ओळखायची? त्या क्षणी दोरा वर्तुळाला जिथे टेकला असेल तो न. शीटमास्तरांच्या आकृतीत ६ नंबरचा वक्रबिंदू घ्या: दोरा वर्तुळाच्या वरच्या टोकाला टेकलाय, तेव्हा न वर असायला हवा. खालच्या बाजूने काढलात तर अभिलंब चक्क आडव्या रेषेपासून लांब, तिरका जातो. आणि न पासून म पर्यंतची लांबी हीच त्या जागची वक्रतात्रिज्या, म्हणजे तिथे वक्राला जुळणाऱ्या वर्तुळाची त्रिज्या. एवढं कळलं की दात काढताना डोकं चालतं.

नवी_शिक्षिका

दातांचं जरा सविस्तर सांगाल का? मुलं विचारतात की दोरा सोडण्याचा आणि गिअरचा संबंध काय.

दातेरी

दोन पुली कल्पा, त्यांच्यावर एकमेकांना छेदून जाणारा घट्ट पट्टा. पट्ट्यावर एक खूण करा. पट्टा चालला की ती खूण सरळ रेषेत सरकते. तीच खूण पहिल्या पुलीबरोबर फिरणाऱ्या कागदावर उमटवली तर इन्व्होल्यूट, दुसऱ्या पुलीबरोबरच्या कागदावर उमटवली तर दुसरा इन्व्होल्यूट. हे दोन वक्र म्हणजे टेकणाऱ्या दोन दातांच्या बाजू, पुली म्हणजे बेस सर्कल, आणि पट्ट्याची रेषा म्हणजे दात जिथे जिथे टेकतात ती रेषा. पुलींचं अंतर जरा वाढवलं तरी व्यासांचं गुणोत्तर तेच राहतं, म्हणून दोन गिअरच्या केंद्रांमधलं अंतर थोडं हललं तरी वेगाचं प्रमाण बिघडत नाही. सायक्लॉइडच्या दातांना ही सवलत नाही.

आता आकडे. मोड्युल (पिच सर्कलचा व्यास भागिले दात) १०, दात २०, प्रेशर अँगल (पट्ट्याच्या रेषेचा कल) २० अंश:

पिच सर्कल (दोन गिअर एकमेकांवर घरंगळतात असं धरतात ते वर्तुळ) २०० मिमी. बेस सर्कल २०० गुणिले कॉस २०, म्हणजे १८७.९. बाहेरचं वर्तुळ २२०, मुळाचं १७५. दाताची जाडी पिच सर्कलवर कंसाने १५.७१, जीवेने १५.६९, त्यामुळे शीटवर डिव्हायडरने टाकली तरी चालते.

इथली नेहमीची चूक: मुलं इन्व्होल्यूट पिच सर्कलपासून सुरू करतात. तो बेस सर्कलपासूनच निघतो. १८७.९ पासून २२० पर्यंत इन्व्होल्यूट, आणि १८७.९ च्या आत मुळाच्या १७५ पर्यंत त्रिज्येची सरळ रेषा, तळाला छोटी गोलाई. दात ४२ किंवा जास्त असतील तर मुळाचं वर्तुळ बेस सर्कलच्या बाहेर जातं आणि ही सरळ रेषा लागतच नाही. २० दातांच्या आकृतीची सवय झालेली मुलं ५० दातांच्या गिअरलाही ती रेषा काढतात.

टूएच

त्याच आकड्यांनी पुठ्ठ्याचा प्रयोग होतो. त्याला दोन तास लागतात, पण शीट काढून जे कळत नाही ते इथे हाताला कळतं. सविस्तर लिहितो.

ड्रॉईंग बोर्डवर जाड कागदाची चकती, त्रिज्या ११०. पूर्ण चकती लागत नाही, पाव तुकडा पुरतो. केंद्रात टाचणी. चकतीवर कडेने ५-५ अंशांच्या खुणा. दुसऱ्या पुठ्ठ्यातून सरळ दातांची पट्टी कापायची, म्हणजे रॅक: दोन दातांमधलं अंतर ३१.४ मिमी, दाताची प्रत्येक बाजू उभ्यापासून २० अंश कललेली, पिच लाइनच्या पुढे दात १२.५ मिमी. पट्टीची पिच लाइन केंद्रापासून बरोबर १०० मिमीवर यायला हवी. तिच्यामागे टी-स्क्वेअर किंवा स्टीलची पट्टी घट्ट धरायची, म्हणजे रॅक फक्त आडवा सरकेल.

आता चकती ५ अंश फिरवा, रॅक त्याच बाजूला ८.७३ मिमी सरकवा, दातांची कड पेन्सिलने चकतीवर उतरवा. पुन्हा ५ अंश, पुन्हा ८.७३. आठ-दहा वेळा झाल्यावर सरळ रेघांच्या गर्दीतून वाकडी बाजू वर येते. एकही वक्र काढलेला नसतो. ३ अंशांनी (५.२४ मिमी) केलं तर बाजू जास्त गुळगुळीत.

काय बिघडतं: एक, रॅक आणि चकतीची कड उलट दिशांना सरकवली की नुसतं जाळं होतं. दोन, टाचणीचं भोक मोठं होऊन चकती हलते, त्यामुळे केंद्रावर मागून दोन पदर पुठ्ठा चिकटवा. तीन, ८.७३ दर वेळी आधीच्या खुणेपासून मोजलं की चूक साठत जाते. रॅकवर आधीच ०, ८.७, १७.५, २६.२, ३४.९ अशा खुणा एकाच टोकापासून करून ठेवायच्या.

मग हाच रॅक घेऊन १२ दातांसाठी करा: पिच लाइन केंद्रापासून ६० वर, ५ अंशांना ५.२४. रॅकचं टोक दाताच्या मुळात घुसून ते पोखरताना डोळ्यांना दिसतं. २० अंशांच्या पूर्ण दातांना १७ पेक्षा कमी दात का घेत नाहीत, याचं उत्तर सूत्र न लिहिता मिळतं. जुन्या साडेचौदा अंशांच्या दातांना ही मर्यादा ३२ होती.

शीटमास्तर

झकास. आता हेलिक्सकडे, म्हणजे वृत्तचितीभोवती फिरत एकसारखा चढत जाणारा वक्र. वृत्तचितीचा व्यास ५०, पिच (एका फेऱ्यात चढायची उंची) ६०, अक्ष उभा, उजवा हेलिक्स (समोरची रेघ उजवीकडे चढते तो).

खाली वरून दिसणारं वर्तुळ, १२ भाग. वर समोरून दिसणारा आयत, उंची ६०, तिचे १२ भाग, प्रत्येकी ५ मिमी. वर्तुळावरचे आकडे डाव्या टोकापासून घड्याळाच्या उलट, म्हणजे खालच्या अर्ध्यातून उजवीकडे. खालचा अर्धा भाग म्हणजे आपल्या समोरची बाजू. त्यामुळे ० ते ६ अखंड रेषा, ६ ते १२ तुटक. १ नंबरचा बिंदू डाव्या कडेपासून ३.३५ मिमी आत आणि ५ वर, २ नंबरचा १२.५ आत आणि १० वर, ३ नंबरचा बरोबर अक्षावर, १५ वर.

तपासायच्या जागा:

कडेवर (०, ६, १२) वक्र आयताच्या उभ्या रेषेला स्पर्श करून वळतो. टोकदार झालेला दिसला की मुलाने बिंदू सरळ रेषांनी जोडलेत. कडेजवळचे बिंदू गर्दीने असतात आणि मधले लांब, हे पहिल्यांदाच दाखवून द्यावं, नाहीतर मुलांना वाटतं आपलं प्रक्षेपण चुकलं.

अक्ष ओलांडताना वक्राचा तिरपेपणा म्हणजे खरा हेलिक्सचा कोन: ६० भागिले १५७.१, म्हणजे २०.९ अंश. ३ आणि ९ वर कोनमापक लावा. १८ किंवा २५ आला तर उंचीचे भाग चुकलेत.

काटकोन

हा कोन समजावायला कागदाचा काटकोन त्रिकोण घ्यावा: पाया १५७ मिमी, उंची ६०, कर्ण १६८. ५० मिमीचा पीव्हीसी पाइप आपल्याकडे बाहेरच्या व्यासाने ५० च असतो, त्यावर गुंडाळा. कर्ण म्हणजे हेलिक्सचा एक फेरा, आणि त्याची लांबी १६८.१.

झेरॉक्सचा कागद घ्या, कार्डशीट नको. कागदाची जाडी ०.१ असेल तर परीघ ०.३ ने वाढतो, ते खपून जातं. ०.३ जाडीच्या कार्डशीटला जवळपास १ मिमीची फट राहते आणि मुलं म्हणतात सूत्र चुकलं. तोच त्रिकोण पालथा करून गुंडाळला की डावा हेलिक्स. दोन्ही शेजारी दोन पाइपांवर लावून ठेवायचे.

शंकूवरच्या हेलिक्सला वेगळं काही नाही. उंचीचे आणि वर्तुळाचे भाग तसेच, फक्त प्रत्येक बिंदू त्या त्या तिरक्या रेषेवर पाडायचा. वरून बघितल्यावर तो आर्किमिडीजचा स्पायरल दिसतो. दिसला नाही तर चुकलंय.

लेथवरचा

आट्यांवर या. चौकोनी आटे, बाहेरचा व्यास ८०, पिच २०, मुळाचा व्यास ६०. इथे चार हेलिक्स लागतात, दोन ८० वर आणि दोन ६० वर, एकमेकांपासून १० मिमीवर. बाहेरच्या हेलिक्सचा कोन साडेचार अंश, मुळाशी सहा. म्हणजे मुळाचा हेलिक्स जास्त उभा. मुलं दोन्ही समांतर काढतात, कारण पिच सारखी आहे तर कोनही सारखा असणार असं त्यांना वाटतं. पिच तीच, परीघ कमी, म्हणून कोन जास्त.

एकसुती (एकच खाच फिरत गेलेली) आणि दोनसुती (शेजारी-शेजारी दोन खाचा) ओळखायची खूण: एकसुती आट्यांत डाव्या कडेवर कंगोरा असेल तिथे उजव्या कडेवर खाच येते. दोनसुतीत कंगोऱ्यासमोर कंगोरा. कारण अर्ध्या फेऱ्यात एकसुती अर्धी पिच चढतो आणि दोनसुती पूर्ण पिच. मुलांची आकृती बघताना मी बाकी काही न बघता आधी दोन कडा बघतो.

पिच आणि लीडची गल्लत इथेच सुटते. पिच म्हणजे शेजारच्या कंगोऱ्यापर्यंतचं अंतर, लीड म्हणजे एका फेऱ्यात नट किती सरकला ते. दोनसुतीला लीड पिचच्या दुप्पट. लेथवर चेंज गिअर लीडवरून लावतात. लीडस्क्रू (लेथचं हत्यार सरकवणारा स्क्रू) ६ मिमीचा आणि २ मिमी पिचचे एकसुती आटे, तर २०/६०. तेच आटे दोनसुती हवे असतील तर लीड ४, गिअर ४०/६०, आणि एक सूत कापून झाल्यावर जॉब अर्धा फेरा फिरवून दुसरं सूत.

एक धोक्याचा मुद्दा: कोन कशापासून मोजायचा. आट्यांचा कोन अक्षाच्या काटकोनातल्या पातळीपासून सांगतात, एम २४ चा (पिच ३) साधारण अडीच अंश. ड्रिलचा किंवा हेलिकल गिअरचा कोन अक्षापासून सांगतात, साध्या ड्रिलचा ३० च्या आसपास. दोन्ही एकाच त्रिकोणाचे दोन कोन आहेत. मिलिंगवर टेबल फिरवताना हे उलटं घेतलं की कटर खाचेत अडकतो. उदाहरण: व्यास ६०, लीड ६००. परीघ १८८.५ भागिले ६००, म्हणजे टेबल १७ अंश २६ मिनिटं. टेबलचा स्क्रू ६ मिमी आणि डिव्हायडिंग हेड (जॉब फिरवणारं साधन) ४० ला १ असेल तर मशीनचा लीड २४०. चालक गिअर भागिले चालित गिअर म्हणजे २४०/६००, म्हणजे ४०/१००. मध्ये आयडलर (नुसतं दिशा बदलणारं गिअर) एक की दोन, यावर खाच डावी की उजवी ते ठरतं.

पत्रेवाला

आमच्या कामातली दोन उदाहरणं देतो, मुलांना आवडतात कारण आकडा चुकला की लोखंड वाया जातं.

पहिलं, चक्री जिन्याचा कठडा. मजल्याची उंची ३०००, १८ पायऱ्या, म्हणजे एक उंची १६६.७. एका फेऱ्यात १२ पायऱ्या घेतल्या तर लीड २०००. (डोक्यावरची मोकळी जागा यातून पायरीची जाडी वजा करून राहते, म्हणून १२ च्या खाली जाताना विचार करा.) कठड्याची त्रिज्या ७००. परीघ ४३९८, कोन साडेचोवीस अंश, एका फेऱ्याला पाइप ४८३१ मिमी, दीड फेऱ्याला सव्वासात मीटर.

आता चूक बघा. पाइप रोलरवर ७०० त्रिज्येला वाकवतात आणि मग वर ओढतात. ओढला की तो आत येतो आणि पायऱ्यांच्या बाहेरच्या टोकांवर बसत नाही. हेलिक्सची स्वतःची वक्रतात्रिज्या ७०० नसते. ती ७०० भागिले कॉस २४.५ चा वर्ग, म्हणजे सुमारे ८४५. रोलर ८४५ ला लावायचा, मग ओढायचा आणि पीळ द्यायचा.

दुसरं, स्क्रू कन्व्हेयरची पाती, साखर कारखान्यात किंवा पिठाच्या गिरणीत असतात तशी. बाहेरचा व्यास ३००, मधला पाइप ६०, पिच ३००. एका फेऱ्याची चकती सपाट पत्र्यातून कापायची:

बाहेरच्या कडेची लांबी: परीघ ९४२.५ आणि पिच ३०० यांचा कर्ण, ९८९.१.
आतल्या कडेची: १८८.५ आणि ३०० यांचा कर्ण, ३५४.३.
पात्याची रुंदी १२०.
चकतीची आतली त्रिज्या: १२० गुणिले ३५४.३ भागिले (९८९.१ वजा ३५४.३), म्हणजे ६७. बाहेरची १८७.
पूर्ण चकती लागत नाही, ३०३ अंश ठेवून ५७ अंशांची फाक काढून टाकायची.

मुलं आतलं भोक पाइपाइतकं, म्हणजे ३० त्रिज्येचं कापतात. ते ओढल्यावर पाइपावर जातच नाही. पोस्टकार्डाच्या कागदावर दहाव्या भागाच्या मापाने करून पेन्सिलीच्या कांडीवर (६ मिमी) ओढून दाखवा. कागद थोडा मुरडतो, कारण ही पाती खऱ्या अर्थाने सपाट उलगडत नाहीत. पत्रा ती कसर ताणून भरून काढतो.

नवी_शिक्षिका

कर्णाचा इतका उपयोग कधी शिकवला नव्हता. आणखी एक, कॅडमध्ये कमांड दिली की हेलिक्स येतो, मग हाताने कशाला असं मुलं म्हणतात.

काटकोन

ऑटोकॅडची हेलिक्स कमांड खालची त्रिज्या, वरची त्रिज्या, फेरे, उंची आणि पिळाची दिशा विचारते. फेरे न बदलता नुसती उंची ६० दिली तर आधीचे ३ फेरे तसेच राहतात आणि पिच २० होते. काढणाऱ्याला कळत नाही, कारण तो उंचीलाच पिच समजतो. मोजून घ्यायला लावा.

इन्व्होल्यूट एक्सेलमध्ये बिंदूंनी काढायचा असेल तर: आडवं अंतर म्हणजे त्रिज्या गुणिले (कॉस कोन अधिक कोन गुणिले साइन कोन), उभं म्हणजे त्रिज्या गुणिले (साइन कोन वजा कोन गुणिले कॉस कोन). मुलं साइन-कॉसमधला कोन रेडियनमध्ये बदलतात आणि बाहेर गुणायचा कोन अंशांतच ठेवतात. २० त्रिज्या आणि ३० अंशांना २२.६ आणि ०.९ यायला हवेत. आडवं अंतर ३१७ आलं की चूक तीच.

टूएच

स्प्रिंगचं राहिलं. तारेचा व्यास ८, मधला व्यास ५०: आधी मध्यरेषेचा हेलिक्स, मग त्यावर थोड्या थोड्या अंतराने ८ व्यासाची वर्तुळं, आणि त्यांना बाहेरून स्पर्श करणारे दोन वक्र. बाहेरचा व्यास ५८ येतो. प्रश्नात बाहेरचा ५० दिला असेल तर मध्यरेषा ४२ वर. हे न वाचता काढलेली शीट पूर्ण परत करावी लागते.

नवी_शिक्षिका

शेवटचं विचारते. बोल्ट उलटा धरला तर उजवे आटे डावे दिसतात का? वर्गात यावर दोन तट पडलेत.

लेथवरचा

नाही. अक्ष उभा धरा, समोरची रेघ उजवीकडे चढते ना? बोल्ट पालथा करा, तरी उजवीकडेच चढते. डावा हवा असेल तर आरसा लागतो.

सायकलच्या डाव्या पॅडलच्या दांडीला डावे आटे असतात, उजव्या पॅडलला उजवे. जुन्या सायकलची दोन्ही पॅडलं सोडवून, खुणा पुसून मुलांच्या हातात द्या आणि नुसतं बघून दोन्हींचे समोरचे अर्धे फेरे काढायला सांगा. ॲसिटिलीन सिलिंडरचं डावं जोड मिळालं तर तेही ठेवा, त्या नटाच्या कोपऱ्यांवर खाचा असतात, म्हणजे मुलं आटे न बघता ओळखतील. तेवढी खाच कापडाने झाकून ठेवा.